गडग्याला दोन खिंडी: फोंडा तालुक्यातल्या एका बागेचं प्रकरण

बागांचे आराखडे करणं हा माझा धंदा. पहिल्या दिवशी ओसरीवर चहा झाला. "आता पोफळीची बाग बघू," असं मी म्हटल्यावर घरमालकीण अक्कांनी चपला घातल्या, छत्री घेतली आणि रस्त्याकडच्या फाटकाची कडी काढली. मला वाटलं, शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवली असेल. किल्लीबिल्ली काही नव्हती. आम्ही डांबरी उतारावरून खाली गेलो, पाराला वळसा घातला, ओढ्यावरची मोरी ओलांडली आणि एका मोडक्या फाटकातून आत शिरलो. ती बाग त्यांचीच, त्याच घराची. पुढे टेप लावून मोजलं तेव्हा हा फेरा चारशे मीटरचा निघाला. घराच्या मागच्या दारापासून पोफळीतल्या तळीपर्यंत सरळ अंतर जेमतेम साठ मीटर.

चाळीस वर्षं हे कुटुंब असंच जात होतं आणि त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

गाव फोंडा तालुक्यात, मार्दोळपासून फार लांब नाही. जमीन साडेसहा हजार चौरस मीटर, म्हणजे दीड एकराहून थोडी जास्त. घर वरच्या अंगाला आणि तळी तळाशी, दोहोंत नऊ मीटरचा उतार. एवढ्या जागेत पाच बागा होत्या, आणि 'पाच' हे मी मुद्दाम म्हणतो. घरापुढे आंगण, त्यात तुळशीवृंदावन आणि कुंड्यांतली अबोली. पश्चिमेला पुण्याच्या पुतण्यानं हौसेनं करून घेतलेली हिरवळ. वरच्या भरडावर, म्हणजे कोरड्या माळावर, मानकुराद आंब्याची तीन जुनी झाडं आणि काजू. मागे विहीर आणि परसातला भाजीचा वाफा. सगळ्यांत खाली कुळागर: पोफळी, माड, केळी, पोफळींवर चढवलेले मिरवेल, एक जायफळ, आणि झऱ्याच्या पाण्यावर भरणारी चिरेबंदी तळी.

एका बागेतून दुसरी दिसत नव्हती. वरच्या चार भागांच्या आणि खालच्या कुळागराच्या मध्ये छातीएवढा गडगा होता, जांभ्याच्या चिऱ्यांचे तुकडे रचून केलेला, बिनचुन्याचा. हिरवळीला जाळीचं कुंपण. भरडाला काटेरी तार, तीही वेलींनी गिळलेली.

कारण जुनंच. तीन भावांच्या वाटण्या. गडगा त्या वेळचा. पुढे एक वाटा निपुत्रिक भावाकडून परत आला, दुसरा अक्कांच्या यजमानांनी विकत घेतला. कागदावर जमीन एक झाली. गडगा मात्र कुणी काढला नाही, कारण तो काढण्याची गरज कुणाला पडली नाही.

पुतण्याचं म्हणणं अगदी स्पष्ट होतं. "सर, सगळं जोडून टाका. एक मोठी वाट, दोन्ही बाजूंना दिवे, खाली तळीपाशी बसायची जागा. रिसॉर्टसारखं." अक्का त्यावर काहीच बोलल्या नाहीत. त्या वेळी मी त्याला संमती समजलो.

आता माझी चूक सांगतो, कारण या प्रकरणात शिकण्यासारखं बरंचसं तिच्यातच आहे.

मागच्या दारातून तळीपर्यंत मी सरळ रेषा मारली. दीड मीटर रुंद वाट, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील अशी, कडेला चिरे, मध्ये खडी. साठ मीटरांत नऊ मीटर उतार म्हणजे शंभराला पंधरा. चढताना दम लागतो, पण वर उभं राहिलं की वाटेच्या टोकाला तळी चमकते. नकाशावर ती रेषा फार देखणी दिसायची. मार्चमध्ये काम सुरू झालं, मेमध्ये संपलं. गडगा त्या रेषेत जिथे आडवा आला तिथे दोन मीटरचं खिंडार पाडलं.

काम चालू असताना अक्का एकदा काठी टेकत आल्या. विहिरीच्या बाजूला, घराच्या कोपऱ्यापाशी जमिनीवर काठी आपटून म्हणाल्या, "हांगा पावसांत उदक येता." (इथे पावसात पाणी येतं.) मी "हो, अक्का, बघतो" म्हटलं. बघितलं काहीच नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. जाऊन बघतो तर वाट नाहीच, नाला झालेला. खडी अर्ध्याहून जास्त वाहून गेलेली, आणि ती गेली होती थेट तळीत. तळीचं पाणी लालभडक, तळाशी हातभर गाळ आणि त्यात माझी खडी. खिंडाराच्या दोन्ही कडांचे चिरे सुटून पोफळींच्या बुंध्यांपर्यंत घरंगळलेले. मुंडकाराच्या, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या, घरची मावशी विळा हातात घेऊन तिथेच उभी होती. मला म्हणाली, "आमची कपडे धुवायची जागा पण गेली हां."

हिशेब साधा होता आणि तो मी आधीच करायला हवा होता. घराचं छप्पर साधारण दोनशे चौरस मीटर. गोव्यात वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे त्या एका छपरावरून वर्षभरात सहा लाख लिटर पाणी उतरतं, त्यातलं बहुतेक सगळं चार महिन्यांत. एका दिवसात दहा सेंटिमीटर पाऊस इथे नवलाचा नाही. तेवढ्यात छपरावरून वीस हजार लिटर येतं, आणि आंगणाचं वेगळं. हे सगळं पाणी आजवर गडग्याला थडकून आडवं पसरायचं, दगडांच्या फटींतून झिरपत झिरपत खाली उतरायचं. बिनचुन्याचा गडगा म्हणजे नुसती वाटणीची खूण नव्हती, ते पाण्याला धरून ठेवणारं काम होतं. मी त्याच्यात बरोबर घराच्या कोपऱ्यासमोर भोक पाडलं आणि पुढे पाण्याला धावायला घसरगुंडी बांधून दिली.

त्या पावसाळ्यात काहीच बांधलं नाही. दर आठवड्याला एक फेरी मारायची, छत्री, वही आणि रबरी बूट घेऊन, एवढंच ठरवलं. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठे मुरतं ते वहीत. माणसं कुठून जातात तेही. हे दुसरं काम पहिल्याहून मजेदार निघालं.

अक्कांची सकाळ अशी. सहाला परडी घेऊन बाहेर. आंगणातली अबोली, मग भरडाच्या तारेपलीकडची दसणी, म्हणजे जास्वंद, तारेतून हात घालून. दर दोन दिवसांनी एक ओरखडा. मग विहिरीपाशी, मग भाजीच्या वाफ्याशी, आणि तिथे गडग्यापाशी पाच मिनिटं उभं राहून खाली हाक. "गो, उठलीस?" खालून मावशीची ओ. नंतर त्या दोघींची बोलणी गडग्यावरून, एकीला दुसरीचं फक्त कपाळ दिसेल अशी. पडलेला नारळ, केळफूल, विड्याची पानं, सगळी देवाणघेवाण त्या एका जागेवरून. तिथला वरचा चिरा हात टेकून टेकून गुळगुळीत झालेला होता.

मी बागेत खिंडार पाडायला जागा शोधत होतो, आणि ती या दोघींनी चाळीस वर्षांपूर्वीच निवडलेली होती. माझ्या रेषेपासून अठरा मीटर पूर्वेला.

मावशीच्या घराबद्दल एक सांगायला हवं. कुळागराच्या कोपऱ्यात ते मुंडकाराचं घर. १९७५च्या कायद्यानं मुंडकाराला घरातून काढता येत नाही, हे गोव्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण वाट, विहिरीचं पाणी, कपडे धुवायचा दगड या गोष्टी कायद्यापेक्षा सवयीवर चालतात. माझ्या पहिल्या नकाशात खालचं मोडकं फाटक कायमचं बंद होतं. 'सुरक्षेसाठी' असं मी त्यावर लिहिलंही होतं. म्हणजे एक बाग जोडताना मी एका घराची ये-जा तोडायला निघालो होतो. ते फाटक दुसऱ्या नकाशात दुरुस्त करून ठेवलं, कडी दोन्ही बाजूंनी उघडणारी.

दुसरा आराखडा ऑक्टोबरात काढला. या वेळी कागदाआधी जमिनीवर: पिशवीभर चुन्याची फक्की घेतली आणि अक्कांना चालायला सांगितलं. त्या जातील तिथे मागून फक्की टाकत गेलो. उतारावर त्या सरळ उतरत नाहीत. गुडघे दुखणारं कुणीच उतरत नाही. आधी डावीकडे तिरकं, फणसाशी थांबणं, मग उजवीकडे तिरकं. तीच वाट झाली.

फणसाला वळसा घातला त्याचं दुसरंही कारण आहे. गोव्यात झाड तोडायला १९८४च्या कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते. मिळेलही, पण अर्ज आणि हेलपाट्यांपेक्षा वळण स्वस्त, आणि फणसाच्या सावलीत थांबायची जागा फुकट मिळते. (माडाचं प्रकरण मात्र गोव्यात निराळंच. २०१६ साली माडाला या कायद्यातल्या झाडांतून वगळल्यावर केवढा गदारोळ झाला होता, आणि पुढे त्याला परत झाडांत घ्यावं लागलं. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं माड झाडांपेक्षा गवताच्या जवळचा, हे खरं. पण इथल्या माणसाला ते सांगून बघा.)

उताराचं गणित मग जमून आलं. हातगाडी ढकलता यावी, म्हाताऱ्या माणसाला चालता यावं, यासाठी बाराला एक हा उतार बरा. नऊ मीटर उतरायला त्या हिशेबानं १०८ मीटर वाट हवी. तेवढी केली तर निम्मी बाग वाटेतच जाईल. म्हणून वरच्या भागात, जिथे अक्कांची रोजची ये-जा, तिथे सौम्य उताराची वाट. फणसाखालून गडग्यापर्यंत आणि गडग्याच्या पलीकडे पायऱ्या. खालून वर डोक्यावर सुपारीचं ओझं घेऊन येणाऱ्याला तिरक्या वाटेपेक्षा नेमक्या पायऱ्या बऱ्या पडतात, हे मला पाडेल्यानं, म्हणजे माड-पोफळीवर चढून फळं उतरवणाऱ्यानं, सांगितलं. फक्त सगळ्या सारख्या हव्यात. डोक्यावर ओझं असताना पायाखाली बघता येत नाही, पाय मोजून पडतात.

पायरीचा नियम जुना आहे. सतराव्या शतकात फ्रान्सच्या ब्लोंदेलनं तो मांडला: दोन पायऱ्यांची उंची अधिक एका पायरीची रुंदी म्हणजे माणसाचं एक पाऊल, आजच्या मापात ६० ते ६५ सेंटिमीटर. बाहेरच्या पायऱ्यांना मी १४ उंची आणि ३६ रुंदी घेतो, बेरीज ६४. पाडलेल्या खिंडाराचेच चिरे टाचून वापरले. गवंड्यानं वरची बाजू गुळगुळीत करायला घेतली तेव्हा त्याला थांबवलं. जांभ्यावर जुलैमध्ये शेवाळ धरतं, आणि गुळगुळीत चिऱ्यावरचं शेवाळ म्हणजे हाडं मोडायचं यंत्र. छिन्नीचे ओरखडे तसेच ठेवले. शिवाय प्रत्येक पायरीला पुढच्या बाजूला नखभर कल दिला, पाणी साचू नये म्हणून. पावसात आठवड्यातून एकदा हिरांच्या खराट्यानं घासायचं. ब्लीचिंग पावडर टाकायची नाही, कारण ती धुऊन तळीतच जाणार.

आता पाणी. या वेळी वाट आणि पाणी वेगळं केलं. पन्हाळींचं पाणी घराच्या कोपऱ्यात, अक्कांनी काठी आपटली त्याच जागी, एका मीटरभर खोल गाळखड्ड्यात घेतलं. तिथून चिऱ्यांचा पाट, वाटेच्या वरच्या अंगानं, वाटेसारखाच तिरका. तीन ठिकाणी तो वाटेखालून आडवा जातो आणि दर वेळी थोडं पाणी झाडीत सोडतो. पाटाच्या काठानं वाळा लावला, पंधरा पंधरा सेंटिमीटरवर. त्याची मुळं उभी खोल जातात आणि काठ धरून ठेवतात. जिथे कायम ओल राहते तिथे सोनटक्का. जुनं खिंडार बुजवलं, पूर्वीसारखंच बिनचुन्याचं. नवा गवंडी सिमेंट घालू म्हणत होता. मी नको म्हटलं आणि त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

गडग्याला मग दोन खिंडी राहिल्या. एक त्या दोघींची गुळगुळीत चिऱ्याची, सव्वा मीटर रुंद. तो चिरा खिंडीच्या बाजूलाच हातटेकू म्हणून बसवला. दुसरी भरड आणि हिरवळ यांच्या मधल्या गडग्याच्या फाट्यात, अरुंद, एका माणसापुरती.

पुतण्याला दुसरी खिंड नैर्ऋत्येला, कुळागराकडे, मोठी हवी होती. हिरवळीवर बसून पोफळी दिसाव्यात म्हणून त्या बाजूचे केळीचे गड्डे आणि दोन आंब्याच्या फांद्या काढा म्हणाला. दिसायला ते छानच दिसलं असतं. पण दक्षिण-नैर्ऋत्येचं दुपारचं ऊन थेट पोफळीच्या खोडावर आलं की खोड भाजतं, तडकतं, आणि एखाद्या वादळी दिवशी तिथूनच मोडतं. म्हणून जुन्या कुळागरात त्या बाजूला दाट झाडी असते. कुणी शोभेसाठी लावलेली नसते ती. त्याला मी एक भाजलेलं खोड दाखवलं, शेजारच्या बागेतलं, एका बाजूनं करडं-तपकिरी पडून फाटलेलं. त्यानं फटीत खोल बोटं घालून बघितली. विषय संपला.

नजरेची जोडणी मात्र मला हवीच होती. पाय पोचण्याआधी नजर पोचली तर माणूस जातो. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ समोर आला की पावलं आपोआप तिकडे वळतात, तसं काहीतरी. इथे ते वृंदावन निघालं. खिंडीची जागा आणि वाटेचं वरचं वळण असं जुळवलं की खिंडीत उभं राहिलं तर मधल्या फटीतून पांढरं वृंदावन दिसतं, बाकी घर नाही. मावशी आता सांगते, "दिवा दिसला की सात वाजले म्हणून कळतं." हे मी ठरवून केलेलं नव्हतं. श्रेय घ्यायला मात्र हरकत नाही.

झाडांची निवड फार गाजावाजा न करता झाली. पाच भागांत पाच तऱ्हेची लागवड होती, तिथे चारच गोष्टी सगळीकडे फिरवल्या: वाटेच्या कडेला अबोली, जी अर्ध्या सावलीत चांगली येते, वळणांवर दसणी, म्हणजे अक्कांना तारेत हात घालायला नको, सावलीत हळद, आणि जाईचा एक वेल प्रत्येक खिंडीवर. मार्दोळच्या जायांचं नाव मोठं, त्यामुळे जाईबद्दल घरात एकमत होतं. एवढं एकाच गोष्टीवर झालं.

दिव्यांवरून वाजलं. पुतण्यानं खांब मागवूनही ठेवले होते. वरच्या वाटेला गुडघ्याएवढे चार दिवे लावले, जमिनीकडे उजेड टाकणारे. गडग्याखाली एकही नाही. मेअखेरीला, पहिल्या सरींच्या आसपास, त्या कुळागरात काजवे उतरतात, आणि त्यांची नर-मादीची भेट उजेडाच्या खुणांवरच ठरते. आपला दिवा लागला की त्यांना एकमेकांचा दिसत नाही. खाली जाताना बॅटरी न्यावी. ती तशीही न्यावीच, पडलेल्या झावळ्यांखाली काय असेल सांगता येत नाही.

उरलेले खांब अजून पडवीत आहेत.

हिरवळीचं मात्र मला अजून पुरतं जमलेलं नाही. जाळीचं कुंपण काढलं, पण तिथे कुणी जात नव्हतं. डिसेंबर ते मे तिला पाणी हवं, जून ते सप्टेंबर ती चिखल. शेवटी निम्मी मोडली, गवत वाढू दिलं, आणि मध्ये पुतण्याच्या आग्रहानं सहा मीटर व्यासाचं फरसबंद वर्तुळ केलं. त्याला तिथे शेकोटी करून मित्रांना बसवायचं होतं. त्या जागेवर दिवसभर ऊन असतं, आणि एवढी उघडी, कोरडी, सपाट जागा साऱ्या बागेत दुसरी नाही.

दुसरा पावसाळा आला. मी जुलैमध्ये तीनदा गेलो, दोनदा नुसती धाकधूक म्हणून. गाळखड्डा दोनदा उपसावा लागला. वाटेखालची एक मोरी पानांनी तुंबली, तिला पुढे सळ्यांची जाळी लावली. खडी जिथल्या तिथे होती. तळीचं पाणी गढूळ झालं, पण लाल नाही. पोफळींना कोळेरोगासाठी, म्हणजे पावसात सुपारी कुजवणाऱ्या रोगासाठी, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मारायला माणसं आली, ती पहिल्यांदाच ड्रम घेऊन वरून, घराच्या नळापासून, पायऱ्यांनी उतरली. पूर्वी पाण्याचे कॅन रस्त्यानं टेम्पोतून खाली जायचे. पहिल्या वाटेचा खर्च मी माझ्या बिलातून वळता केला होता. अक्का नको म्हणत होत्या, पण मी ऐकलं नाही. एकदा त्यांचं न ऐकून झालं होतंच.

जानेवारीत पुन्हा गेलो, सैल झालेला एक चिरा बसवायला. फाटकातून आत आलो तर अक्का ओसरीवर नव्हत्या, परसातही नव्हत्या. हिरवळीवरच्या त्या फरसबंद वर्तुळात केशरी सुपारी पसरलेली होती, कडेपासून कडेपर्यंत, पाय ठेवायला जागा नाही. पूर्वी ती खालच्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला वाळत घालायचे आणि राखण करायला एक माणूस बसवावा लागायचा. आता पाडेल्यानं उतरवलेली सुपारी पायऱ्यांनी वर येते, अरुंद खिंडीतून हिरवळीवर जाते आणि चाळीसेक दिवस तिथेच वाळते. मावशी पायानं ती सुपारी फिरवत होती. अक्का सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या.

पुण्याहून पुतण्या आलेला होता. लॅपटॉप घेऊन तो वर्तुळाच्या बाहेर, गवतात बसला होता.

"सर," तो म्हणाला, "शेकोटी कधी करायची मग?"

"फेब्रुवारीत," अक्का म्हणाल्या. "सुपारी सुकली की."

सैल चिरा बसवला, चहा घेतला आणि निघालो.